प्रश्नपत्रिका कुणी काढायची?

जुलै १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळी एक लाख म्हणजे डोळे विस्फारायला लावणारी रक्कम. मागणी एका चरख्याची होती आणि अटी मोठ्या चिकट होत्या. यंत्र हलकं असावं, उचलून दुसरीकडे नेता यावं, हाताने किंवा पायाने चालावं. खेड्यातल्या बाईला फारसा दम न लागता त्यावर आठ तास काम करता यावं आणि तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. यंत्र वीस वर्षं टिकावं आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांत भागावी. किर्लोस्करवाडीला काळे यांनी घडवलेलं यंत्र या स्पर्धेत बरंच पुढे गेलं, पण कसोटीला उतरलं नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

ही जाहिरात म्हणजे संशोधनासाठी पैसे देण्याचीच एक तऱ्हा होती. लोकांकडून जमवलेला निधी, त्यातून एका ठरावीक प्रश्नाच्या उत्तरासाठी दिलेलं आवाहन आणि उत्तर तपासायला परीक्षक. फरक इतकाच की यातली प्रत्येक अट यंत्र वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली होती. अटी लिहिणारे बहुतेक पुरुषच होते, हे खरं. पण संघाचं सभासद व्हायचं तर स्वतः कातलेलं सूत द्यावं लागे, त्यामुळे ते निदान रोज कातणारे पुरुष होते. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी तासन् तास कातून, त्या मजुरीत माणूस जगू शकतो का, हे स्वतःच्या पोटावर तपासून पाहिलं. वापरणाऱ्याला विचारण्याची याहून थेट रीत सापडणं कठीण.

आज देशात संशोधनाचा पैसा वाटणारी सर्वांत नवी संस्था म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. २००८ च्या कायद्याने आलेलं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ तिच्यात विलीन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये, असा आकडा सुरुवातीला जाहीर झाला. त्यातले सुमारे ३६,००० कोटी उद्योग, दानशूर संस्था आणि इतर बिगरसरकारी मार्गांनी येतील, असा सरकारचा अंदाज होता. पंतप्रधान तिचे पदसिद्ध अध्यक्ष. विज्ञान आणि शिक्षण या खात्यांचे मंत्री उपाध्यक्ष. कार्यकारी परिषद प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या हाताखाली. नियामक मंडळाची पहिली बैठक १० सप्टेंबर २०२४ रोजी झाली.

एवढ्या मोठ्या संस्थेची आखणी कुणाला विचारून झाली, हा प्रश्न वर्ध्यासारख्या जिल्ह्यातून विचारला की त्याला वेगळी धार येते. या जिल्ह्याने दीडशे वर्षांत संशोधनाचे बरेच मालक पाहिले आहेत.

आधी तारखाच पाहू. मंत्रिमंडळाने या संस्थेच्या विधेयकाला २८ जून २०२३ रोजी मान्यता दिली. ४ ऑगस्टला ते लोकसभेत मांडलं गेलं, ७ तारखेला तिथे मंजूर झालं आणि ९ तारखेला राज्यसभेतही. ते दिवस मणिपूरमधल्या हिंसाचारावरून सभागृहात चाललेल्या गदारोळाचे होते. विधेयक संसदीय समितीकडे गेलं नाही. कोणत्याही कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, असं केंद्र सरकारचंच २०१४ चं धोरण सांगतं. संशोधनाच्या पैशाचा हा कायदा संसदेत आल्यापासून मंजूर होईपर्यंत सहा दिवस पुरले.

सरकारची बाजूही ऐकून घ्यायला हवी. अशी संस्था हवी ही कल्पना कस्तुरीरंगन समितीच्या २०१९ च्या शिक्षण धोरणाच्या मसुद्यात होती, आणि त्या धोरणासाठी अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत चर्चा पोहोचली, असा सरकारचा दावा आहे. म्हणजे कागदोपत्री आर्वी-आष्टीच्या ग्रामपंचायतींनाही विचारून झालं आहे. त्या चर्चेसाठी तेहेतीस विषय ठरवून दिले होते: तेरा शालेय शिक्षणाचे, वीस उच्च शिक्षणाचे. २०२० च्या विज्ञान धोरणाच्या वेळीही तीनशे बैठका आणि चाळीस हजारांहून अधिक लोक असे आकडे दिले गेले. मसुदा ३१ डिसेंबर २०२० रोजी संकेतस्थळावर आला आणि सूचनांसाठी आधी २५ जानेवारीपर्यंतची मुदत होती. मग तो मसुदा वर्षानुवर्षं मसुदाच राहिला. डोकी मोजण्यात आपली यंत्रणा तरबेज आहे. अमुक गावाने तमुक म्हटलं, ते घेतलं किंवा घेतलं नाही, आणि का, हा हिशेब मात्र सहसा कुठेच सापडत नाही.

आणि तो हिशेब मागायला जागा आहे. जुन्या मंडळाचा सुमारे ६५ टक्के निधी आयआयटींकडे जात होता आणि राज्य विद्यापीठांच्या वाट्याला जेमतेम ११ टक्के येत होते, असं विज्ञान राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनीच विधेयकाच्या वेळी सांगितलं होतं. देशातले बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत शिकतात. नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या वर्ध्याच्या किंवा हिंगणघाटच्या कॉलेजातला रसायनशास्त्राचा प्राध्यापक या ११ टक्क्यांच्याही कडेला उभा असतो: प्रयोगशाळा पदवीच्या प्रात्यक्षिकांपुरती, प्रस्ताव तपासून देणारं कुणी नाही, वर परीक्षा आणि नॅकची कामं. नव्या संस्थेने यावर ‘हब आणि स्पोक’ हा तोडगा काढला. एक नामवंत संस्था मध्यभागी, तिच्याभोवती काही विद्यापीठं. बेत वाईट नाही. पण स्पोकला काय हवं, हे हबने ठरवायचं की स्पोकने, यावर सगळं अवलंबून आहे. आणि शेतकरी, रुग्ण किंवा विणकर यांच्यासाठी नियामक मंडळात राखीव खुर्ची नाही, उद्योगासाठी आहे.

उद्योगाला खुर्ची दिली की काय होतं, हे वर्ध्याच्या कापसाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलं आहे.

हिंगणघाटचा कापूस एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावाने विकला जाई. बनी नावाचं देशी वाण, लांब आणि मऊ धाग्याचं. अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. वर्धा जिल्हा झाला १८६२ साली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमला गेला, रिव्हेट-कर्नाक नावाचा. बियाणं निवडणं, प्रायोगिक शेतं, भेसळ रोखणं असं बरंच काम त्याने केलं. ज्यांच्यासाठी ते चाललं होतं ती गिरणीवाली मंडळी मँचेस्टरला होती.

शेतकऱ्याने मात्र आपला हिशेब केला आणि बनी सोडून आखूड, जाड धाग्याच्या ‘रोझियम’कडे वळला. रोझियमच्या रुईचा उतारा शंभराला चाळीसच्या आसपास येई, पीक खात्रीचं होतं, आणि बाजारात लांब धाग्याला जो जास्तीचा भाव मिळे तो बनीच्या कमी उताऱ्याची तूट भरून काढण्याइतका नव्हता. गंमत अशी की नागपूरच्या शेती खात्याने, डी. क्लाऊस्टन यांच्या काळात, शेतकऱ्याचं म्हणणं मान्य केलं आणि रोझियमचं बी स्वतः वाटलं. गिरण्यांना लांब धागा हवा होता. खात्याने एकराला किती रुपये सुटतात ते पाहिलं. सल्लामसलतीची समिती नव्हती, फॉर्म नव्हता. शेतात जाऊन आकडे मांडणारा अधिकारी होता आणि ते आकडे वरच्यांना न आवडले तरी त्याने मांडले.

पुढे पारडं फिरलं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नेमलेल्या कापूस समितीच्या शिफारशीवरून १९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी आली, आणि १९२३ च्या कापूस उपकर कायद्याने तिला स्वतःचं उत्पन्न मिळालं. गिरणीत वापरल्या जाणाऱ्या किंवा परदेशी जाणाऱ्या प्रत्येक गाठीवर आधी चार आणे, नंतर दोन आणे. या समितीत कोण नव्हतं? गिरणीमालक, व्यापारी, जिनिंगवाले, सहकारी बँका, प्रांतांची शेती खाती आणि कापूस पिकवणारेही. संबंधित सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवून संशोधनाचा पैसा वाटणारी ही देशातली बहुधा पहिली मोठी संस्था. १९२४ मध्ये माटुंग्याला तिची तंत्रप्रयोगशाळा सुरू झाली. आजची ‘सिरकॉट’ म्हणजे तीच.

टेबल गोल असलं तरी खुर्च्या सारख्या नव्हत्या. व्यापाऱ्यांचे आणि गिरण्यांचे प्रतिनिधी त्यांच्या संघटना निवडून पाठवत. कापूस उत्पादकांचे प्रतिनिधी प्रांतिक सरकार नेमत असे, आणि सरकारच्या डोळ्यांसमोर येणारा ‘उत्पादक’ म्हणजे बहुधा मालगुजार, डोक्यावर गाठोडं घेऊन वेचणीहून परतणारी बाई नव्हे. उपकर गिरणी भरते असं दिसे. तो शेवटी कापसाच्या भावातूनच कापला जाई. समितीचा कल लांब धाग्याकडे राहिला, यात नवल नाही.

तरीही याच पैशातून एक अशी गोष्ट निघाली जी कुणीच मागितली नव्हती. इंदूरला कापूस समिती आणि मध्य भारतातली संस्थानं यांच्या मदतीने १९२४ साली वनस्पती संशोधन संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड यांनी कापसावरच नजर न ठेवता पऱ्हाट्या, शेण, पाला आणि माती यांच्यापासून खत करण्याची पद्धत बसवली. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेलेलं कंपोस्ट ते हेच. १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि मग ‘हरिजन’मधून त्या खताची माहिती खेड्यापाड्यांत गेली. गाठीमागे दोन आणे देणाऱ्या गिरणीवाल्यांना मतदान करायला लावलं असतं तर कंपोस्टला एकही मत पडलं नसतं. संबंधितांना विचारा, म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण खिशात ठेवावं. विचारल्यानंतरही संशोधकाच्या हातात काही पैसा मोकळा ठेवावाच लागतो.

स्वातंत्र्यानंतर १९६३ साली अमेरिकन शेती खात्यातले एम. डब्ल्यू. पार्कर यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने भारतातल्या शेती संशोधनाचा आढावा घेतला. त्यानंतर पिकांच्या वेगवेगळ्या समित्या गुंडाळल्या गेल्या, सगळ्या प्रयोगशाळा भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आल्या आणि १९६५ मध्ये बी. पी. पाल यांच्या रूपाने परिषदेला पहिल्यांदाच शास्त्रज्ञ महासंचालक मिळाला. हे व्हायलाच हवं होतं. त्या ओघात व्यापारी गेले, गिरणीवाले गेले आणि त्यांच्यासोबत शेतकऱ्याची ती नेमलेली, दुबळी का होईना, खुर्चीही गेली.

पुढचा मोठा आढावा एका शोकांतिकेतून आला. १९७२ मध्ये दिल्लीच्या पुसा संस्थेतल्या एका तरुण शास्त्रज्ञाने आत्महत्या केली आणि नेमणुका-बढत्यांमधल्या अन्यायाचा प्रश्न संसदेत गाजला. चौकशी समितीचं अध्यक्षपद साताऱ्याच्या मातीतले माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्याकडे आलं. त्यातून १९७३ साली कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळ आणि कृषी संशोधन खातं उभं राहिलं. संस्थेच्या आतला कनिष्ठ शास्त्रज्ञ हाही संबंधितच असतो, हे मान्य व्हायला एक जीव जावा लागला. २००५ मध्ये रघुनाथ माशेलकर यांच्या समितीनेही परिषदेचा कारभार तपासला.

आज परिषदेच्या प्रत्येक संस्थेचा दर पाच वर्षांनी बाहेरचं पथक आढावा घेतं. संशोधन सल्लागार समिती असते, व्यवस्थापन समिती असते, आणि त्यांत शेतीशी संबंध असलेल्या बिगरसरकारी सदस्यांची सोय असते. वर्ध्यापासून तासाभराच्या रस्त्यावर, नागपूरला, १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे; तिलाही हेच लागू. पण हे बिगरसरकारी सदस्य दिल्लीहून नेमले जातात, आणि तिथवर नाव पोहोचायला शेतीपेक्षा ओळख जास्त लागते, अशी कुजबुज विदर्भात नवी नाही. पाच वर्षांच्या आढाव्यात शास्त्रज्ञांचे शोधनिबंध, वाणं, पेटंट मोजली जातात. ती वाणं किती एकरांवर गेली आणि का गेली नाहीत, हे सांगणारा माणूस बैठकीत क्वचित असतो.

याची किंमत काय, ते ‘बिकानेरी नरमा बीटी’ने दाखवलं. खासगी कंपन्यांच्या संकरित बियाण्यावर आपलं उत्तर म्हणून नागपूरच्या संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत बीटी कापसाचं सरळ वाण तयार केलं. सरळ वाण म्हणजे घरचं बी राखता येणारं. कोरडवाहू शेतकऱ्याची ती जुनी मागणी. ते बाजारात आलं आणि वर्षभरात मागे घ्यावं लागलं, कारण त्यात मोन्सँटोचंच जनुक आढळलं. या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सोपोरी समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. मागणी शेतकऱ्याची होती, पैसा जनतेचा होता. पण हे बियाणं का फसलं हे शेतकऱ्याला वर्तमानपत्रातून कळलं. मग २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातली पऱ्हाटी पोखरली आणि शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना मजूर दगावले. फवारणारा मजूर संशोधनाच्या कुठल्या सल्लागार समितीत असतो? नसतोच.

विदर्भाला खरोखर कान देणारी जाहीर सुनावणी झाली ती २०१० साली, बीटी वांग्यावर. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांना बोलावलं; त्यात नागपूर होतं. सगळ्या ठिकाणी मिळून सुमारे आठ हजार लोक आले. घोषणा, आरडाओरडा, कुणी वांग्याचे हार घातलेले. तमाशाच झाला, असं म्हणणारे शास्त्रज्ञ कमी नव्हते आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगितीचा निर्णय आला तेव्हा त्यासोबत कारणं आली, आक्षेप आले, कुणी काय लिहिलं त्याचे शेकडो पानांचे कागद आले. स्थगिती बरोबर की चूक, यावर अजून वाद घालता येतो. वाद घालता येतो तो कागद समोर आहेत म्हणून.

वर्धा शहरातल्या मगनवाडीकडे वळलं की या विषयाची दुसरी परंपरा दिसते. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. अध्यक्ष वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू, चिटणीस जे. सी. कुमारप्पा. सल्लागारांची यादी आज वाचली तरी दचकायला होतं: जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, सी. व्ही. रामन, रवींद्रनाथ ठाकूर, आहारशास्त्राचे रॉबर्ट मॅककॅरिसन, डॉ. अन्सारी. मात्र कामाचे विषय या मंडळींनी ठरवले नाहीत. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ, कागद, मधमाश्या, वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हे विषय खेड्याच्या गरजेतून आले. रामन किंवा राय यांना विचारायचं ते अडलेल्या जागी. सल्लागाराला सल्ल्यापुरतंच ठेवणं ही साधी वाटणारी गोष्ट आपल्या समित्यांना अजून जमलेली नाही.

कुमारप्पांचं यापेक्षा मोठं काम मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचं. १९३८-३९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली ६०६ खेड्यांची पाहणी झाली आणि मग शिफारशी लिहिल्या गेल्या. आधी गाव, मग योजना. अमुक गावात किती घाण्या होत्या, त्यातल्या किती बंद पडल्या, कोष्ट्याला सूत कुठून येतं, चांभाराला कातडं कोण देतं, असे हे प्रश्न. अर्थशास्त्रज्ञ कुमारप्पा कोलंबिया विद्यापीठात शिकलेले होते. त्यांना तयार आराखडा टेबलावर बसून लिहिता आला असता. युद्ध सुरू झालं, सरकारने राजीनामा दिला आणि शिफारशी तशाच राहिल्या, हा भाग वेगळा.

मगनवाडीच्या आवारातली संशोधन संस्था नंतर खादी आयोगाकडे गेली, जमनालाल बजाज यांच्या नावाने चालली, आणि आयआयटी दिल्लीच्या मदतीने पुनर्रचना होऊन २००८ पासून ती महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाखाली. सौर चरख्यावरचं तिचं काम ठाऊक असलेले लोक आहेत. मंत्रालय बदललं की अग्रक्रम बदलतात, तशी ही संस्था कधी खादीची, कधी ऊर्जेची, कधी प्रशिक्षणाची होत गेली. जवळच दत्तपूरला, जिथे मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं, तिथे देवेंद्र कुमार यांचं सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस आहे, १९७६ पासूनचं. स्वस्त घरबांधणीची शंकूच्या कौलांची पद्धत, पोळं न जाळता आग्या मधमाशीचा मध काढण्याची रीत अशी कामं तिथे झाली. अशा संस्थांना दिल्लीच्या विज्ञान खात्याने दीर्घ काळ दिलेला मूलभूत आधार हा आपल्या निधिवाटपातला दुर्मीळ शहाणपणा म्हणायला हवा. तीन वर्षांच्या प्रकल्पात सुताराचा विश्वास मिळवेपर्यंतच दोन वर्षं जातात.

आरोग्यातलं उदाहरण अधिक बोचरं आहे, कारण ते संशोधकानेच सांगितलेलं आहे. सेवाग्रामच्या परिसरात वाढलेले अभय बंग आणि त्यांच्या पत्नी राणी बंग यांनी सुरुवातीची वर्षं वर्धा जिल्ह्यात काम केलं. रोजगार हमीवरच्या मजुराची मजुरी पागे समितीच्या हिशेबावर दिवसाला चार रुपये ठरली होती. शेतमजुराला किती उष्मांक लागतात, घरात किती खाणारे, आजारपणाचे दिवस किती, हे मांडून बंग यांनी दाखवलं की ती बारा रुपये हवी. प्रश्न मजुरांचा होता, म्हणून उत्तर सरकारला ऐकावं लागलं. मग ते गडचिरोलीला गेले आणि त्यांनी सिकलसेलची पाहणी केली. आजार भरपूर सापडला, शास्त्रीय काम पक्कं होतं, पण गावांना त्यात रस नव्हता. तो प्रश्न माझा होता, त्यांनी मागितलेला नव्हता, अशा आशयाचं बंग पुढे अनेकदा बोलले आहेत. त्याच भागात बायकांनी सांगितलेल्या दुखण्यांतून जी पाहणी झाली ती १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली: ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्या अभ्यासाने जगभर धोरणं हलवली.

सिकलसेलवर संशोधन करू नये, असा याचा अर्थ कुणी काढू नये. विदर्भात तो आजार आहे आणि आता त्यावर राष्ट्रीय मोहीम आहे. मात्र लोकांना आज न दिसणारा आजार शास्त्रज्ञाला दिसतो आणि शास्त्रज्ञाला न दिसणारं दुखणं बायका सांगतात. निधी देणाऱ्याला या दोन याद्या वेगळ्या ठेवून दोन्हींना पैसा द्यावा लागतो. एकाच ‘राष्ट्रीय अग्रक्रमा’त त्या कालवल्या की दुसरी यादी हमखास बुडते.

बाहेरच्या देशांनी यावर काही प्रयोग केले आहेत. नेदरलँड्सने २०१५ मध्ये नागरिकांना सरळ विचारलं, शास्त्रज्ञांनी कशावर काम करावं? ११,७०० प्रश्न आले. ते एकत्र करून १४० केले गेले आणि पुढे त्यांचे २५ मार्ग आखले. पावणेबारा हजारांचे पंचवीस करताना किती धार बोथट झाली असेल, याची कल्पना करता येते. तरी कुठला प्रश्न कुठल्या गटात गेला, हे विचारणाऱ्याला शोधता येत होतं. ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स एका आजाराचे रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाचे पहिले दहा प्रश्न ठरवते. यामागे एक साधं निरीक्षण होतं: गुडघ्याच्या संधिवातावरचं बहुतेक संशोधन औषधांवर चाललं होतं, आणि रुग्णांना शस्त्रक्रिया, व्यायाम व माहिती यांत जास्त रस होता. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर हाच प्रश्न विचारला तर काय उत्तरं येतील, हे पाहायला फार खर्च येणार नाही.

आपल्याकडेही वारे थोडे बदलले आहेत. २९ मे ते १२ जून २०२५ या काळात ‘विकसित कृषी संकल्प अभियाना’त शास्त्रज्ञांची सुमारे २,१७० पथकं गावोगाव फिरली. यापुढे संशोधनाचे विषय दिल्लीत ठरणार नाहीत, असं कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान म्हणाले. जुलैमध्ये कोइमतूरला कापसावर शेतकरी, शास्त्रज्ञ, गिरण्या यांची बैठक झाली. २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या पाच वर्षांच्या कापूस मोहिमेची ती तयारी. ही मोहीम लांब धाग्याला प्राधान्य देते. बनी आणि रोझियमची गोष्ट ठाऊक असलेल्याला इथे थोडं थांबावंसं वाटेल.

शेतकऱ्याकडून नुसता प्रश्नच येतो असंही नाही. कधी उत्तरही येतं, आणि ते यंत्रणेला सोसत नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी दीड-दोन एकरांच्या शेतीत निवड करत ‘एचएमटी’ हा बारीक भात तयार केला. तो राज्याबाहेरही पसरला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यातून ‘पीकेव्ही-एचएमटी’ नावाचं वाण काढलं. मूळ निवडीचं श्रेय खोब्रागडेंना मिळण्यासाठी मात्र बाहेरच्यांना भांडावं लागलं. मान-सन्मान झाले, पैसा फारसा झाला नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

आणि रोजच्या व्यवहारात? वर्धा जिल्ह्यासाठी सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. अशा प्रत्येक केंद्राला शास्त्रीय सल्लागार समिती असते. तिच्यात विद्यापीठाची माणसं, अग्रणी बँक, नाबार्ड, आकाशवाणी, आणि प्रगतशील शेतकरी व महिला शेतकरी असतात. या बैठकीत एक चांगली प्रथा आहे: मागच्या वर्षी कोण काय म्हणालं आणि त्यावर काय केलं, हे सुरुवातीलाच वाचलं जातं. पन्नास हजार कोटींच्या संस्थेने उचलावी अशी ही प्रथा आहे.

पण एखाद्या बाईने तिथे म्हटलं की तुरीची मर आमच्याकडे वाढली, मर न येणारं वाण द्या, तर पुढचा रस्ता लांब आहे. मागणी अकोल्याला जाते. तिथल्या संशोधन आढावा बैठकीत ती टिकली तर प्रयोग आखले जातात, मग काही हंगाम वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या, मग शेतकऱ्यांच्या शेतांवर, आणि शेवटी राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, जॉइंट ॲग्रेस्कोत, शिफारस. शिफारस छापून येईपर्यंत सेलसुऱ्याच्या समितीची मुदत संपलेली असते आणि त्या खुर्चीवर दुसरी बाई बसलेली असते. पहिलीला कळवण्याची तरतूद नियमात नाही.